निर्णय पुढे ढकलण्याची किंमत: लवचीक डेक बांधताना आणि खेळताना

डिजिटल कार्ड गेममधला सगळ्यात मोठा निर्णय खेळ सुरू होण्याआधीच घेऊन टाकावा लागतो. सोबत कुठली कार्डं न्यायची? मॅजिक अरीनात निदान ६० लागतात, हर्थस्टोनच्या नेहमीच्या डेकमध्ये, म्हणजे सोबत न्यायच्या कार्डसंचात, ३० मावतात, मार्व्हल स्नॅपमध्ये तर फक्त १२. ही यादी ठरवताना समोर कोण येणार ते ठाऊक नसतं. आपलीच कार्डं कुठल्या क्रमाने हातात येतील, तेही ठाऊक नसतं. एकदा खेळायचं बटण दाबलं की यादीत बदल नाही.

लवचीक डेक हा या दोन्ही अडचणींवरचा उतारा आहे. मात्र नवे खेळाडू त्याचा अर्थ हमखास चुकीचा लावतात. थोडी हल्ल्याची कार्डं, थोडी बचावाची, एखादं प्रचंड मोठं क्रीचर (मैदानात उतरून लढणारं कार्ड), वेळेला असू दे म्हणून दोन-चार औषधं, अशी भेळ केली की डेक प्रत्येक प्रसंगाला तयार झाला असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात हल्ला करायची वेळ येते तेव्हा बचावाची कार्डं हातात असतात, आणि बचावाची वेळ येते तेव्हा हल्ल्याची. लवचीकपणा कार्डांच्या विविधतेत नसतो. एकच कार्ड दोन-तीन कामांना येतं आणि त्यातलं नेमकं कुठलं काम करून घ्यायचं ते खेळताना, समोरची परिस्थिती पाहून ठरवता येतं, तेव्हा डेक लवचीक होतो. म्हणजे डेक बांधताना घ्यायचा निर्णय आपण पुढे ढकलतो. ढकलण्याचे पैसे पडतात, आणि पुढे या लेखात त्या पैशांचाच हिशोब आहे.

ज्यांनी हे खेळ फारसे खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वतयारी. कार्ड खेळायला मॅना नावाचं इंधन लागतं. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या मॅजिकमध्ये, म्हणजे १९९३ साली कागदी कार्डांवर सुरू झालेल्या आणि आता अरीना या रूपात संगणकावर व फोनवर खेळल्या जाणाऱ्या खेळात, मॅना जमिनींमधून येतो, आणि त्याला लाल, हिरवा, निळा असे रंग असतात; कार्डाला आपल्या रंगाचा मॅना लागतो. या जमिनी म्हणजेही कार्डंच, त्याच ६० पैकी. २०१४ साली आलेल्या हर्थस्टोनने ही कटकटच काढून टाकली. तिथे दर टर्नला एक मॅना क्रिस्टल आपोआप वाढतो, दहापर्यंत. मॅजिकमध्ये एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं चालतात (मूळ जमिनींना ही मर्यादा नाही), हर्थस्टोनमध्ये २, आणि लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकारचं कार्ड, असेल तर एकच.

आता हिशोब. ६० कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या चारही प्रती घातल्या, तरी सुरुवातीच्या ७ कार्डांत त्यातली एक तरी असण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच आहे. समजा ते कार्ड शत्रूचं लवकर आलेलं क्रीचर मारण्यासाठी आहे. म्हणजे दहातल्या सहा डावांत सुरुवातीला ते आपल्याकडे नसणार. तेच काम करू शकणारी कार्डं आठ केली, तर शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. ही झेप मोठी आहे, पण समोरचा क्रीचरच खेळत नसेल तर ती आठही कार्डं हातात नुसती पडून राहतील. इथेच दोन तोंडांचं कार्ड उपयोगी पडतं. आठांपैकी चार अशी असली, की जी क्रीचर मारतात किंवा दुसरं काही तरी करतात, तर शक्यता ६५ टक्केच राहते आणि निकामी होऊ शकणारी कार्डं मात्र चारच उरतात.

हर्थस्टोनमधले आकडेही पाहून ठेवा. पहिली चाल आपली असेल तर पाचव्या टर्नपर्यंत, कार्डं बदलून न घेता, ३० पैकी ८ कार्डं दिसतात. दोन प्रती असलेलं कार्ड तोवर दिसण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के, एकच प्रत असेल तर २७ टक्के. २०१५ मध्ये आलेल्या रेनो जॅक्सनसारख्या कार्डांनी एकेकच प्रत ठेवणाऱ्यांना मोठं बक्षीस देऊ केलं, डेकमध्ये दुहेरी कार्ड नसेल तर आपल्या नायकाचं, म्हणजे खेळाडूचं, सगळं आरोग्य परत. असे डेक वरून लवचीक दिसतात. तीस वेगवेगळी साधनं, मग काय! पण पाहिजे ते साधन पाहिजे तेव्हा येत नाही, आणि ते बक्षीस याच गैरसोयीची भरपाई म्हणून दिलेलं असतं.

लवचीकपणाचे प्रकार

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे पर्याय देणारं कार्ड. हर्थस्टोनमधल्या ड्रुइड या वर्गाचं रॅथ घ्या (तिथे प्रत्येक डेक एका वर्गाचा असतो). दोन मॅनात एका मिनियनला (हर्थस्टोनमधलं क्रीचर) ३ नुकसान, किंवा १ नुकसान आणि वर एक कार्ड. शत्रूचा मिनियन तगडा असेल तर पहिला पर्याय, मरायला टेकलेला असेल तर दुसरा. मॅजिकमध्ये तीनांतून एक निवडायला लावणारी चार्म नावाची कार्डं १९९६ पासून आहेत.

दुसऱ्या प्रकारात कार्ड नको असेल तर बदलून घेता येतं. मॅजिकमध्ये १९९८ साली सायकलिंग आलं. थोडा मॅना भरा, कार्ड टाकून द्या, नवं उचला. हर्थस्टोनने २०२१ मध्ये ट्रेडेबल ही खूण आणली. एक मॅना देऊन कार्ड डेकमध्ये परत सरकवायचं आणि दुसरं घ्यायचं. सायकल केलेलं कार्ड गेलं ते गेलं, ट्रेड केलेलं मात्र डेकमध्ये असतं आणि पुढे गरजेच्या वेळी पुन्हा येऊ शकतं. म्हणून क्वचितच लागणारं पण लागलं तर डाव फिरवणारं औषध ट्रेडेबल असेल, तर ते डेकमध्ये ठेवायला मी कधी कचरत नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण तो मॅजिकच्या जुन्या दुखण्यावर नेमका बोट ठेवतो. जमिनी कमी आल्या तर हातातली कार्डं खेळता येत नाहीत, जास्त आल्या तर खेळायला काही उरत नाही. २०२० मध्ये झेंडिकार रायझिंग या संचात एका बाजूला जादू आणि दुसऱ्या बाजूला जमीन अशी कार्डं आली. उदाहरणार्थ बाला गेड रिकव्हरी: एका बाजूने ग्रेव्हयार्डमधलं, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातलं, कुठलंही कार्ड हातात परत आणायचं, दुसऱ्या बाजूने हिरवा मॅना देणारी जमीन.

याचा परिणाम मोजून पाहू. एका डेकमध्ये २४ साध्या जमिनी आहेत. सुरुवातीच्या ७ कार्डांत शून्य किंवा एकच जमीन येण्याची शक्यता १४ टक्के, आणि पाच किंवा जास्त येण्याची सुमारे ८ टक्के. आता त्यातल्या दोन जमिनी काढा, दोन किरकोळ जादूही काढा, आणि त्या चार जागांवर दोन बाजूंची कार्डं बसवा. साध्या जमिनी २२, गरज पडली तर २६. दुष्काळाची शक्यता १० टक्क्यांवर येते आणि पुराची ६ टक्क्यांच्या आत. एरवी एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, इथे दोन्ही एकदम उतरल्या. अरीनात तीनपैकी दोन जिंकायच्या सामन्यात हे आकडे तसेच्या तसे लागू होतात. एकाच डावाच्या सामन्यात मात्र अरीना सुरुवातीचा हात थोडा सावरून देतं, त्यामुळे फरक कमी जाणवतो.

आणखी एक प्रकार म्हणजे एकामागून एक दोन कामं करणारी कार्डं. २०१९ च्या थ्रोन ऑफ एल्ड्रेनमधला बोनक्रशर जायंट आधी स्टॉम्प म्हणून दोन मॅनात कुणालाही २ नुकसान करतो, मग बाजूला जाऊन थांबतो, आणि पुढे तीन मॅनात ४/३ चं (४ मारा, ३ तग) क्रीचर म्हणून उतरतो. इथे दोन्हींपैकी एक निवडायचं नाही, घाई केली नाही तर दोन्ही मिळतात.

संगणकावरच शोभणारा प्रकार म्हणजे हर्थस्टोनचं डिस्कव्हर, २०१५ पासूनचं. तीन कार्डं समोर येतात, एक घ्यायचं, आणि ती आपल्या डेकमध्ये असायलाच हवीत असं नाही. कागदी खेळात हे करायचं तर शेजारी कपाटभर कार्डं घेऊन बसावं लागेल.

पैसे कुठे पडतात

रमीतला जोकर कुठेही लावला तरी त्याची किंमत वेगळी मोजावी लागत नाही. इथली लवचीक कार्डं तशी नाहीत, बनवणाऱ्यांनी किंमत आधीच लावून ठेवलेली असते. मॅजिकच्या पहिल्याच संचातलं रीग्रोथ हे कार्ड बाला गेड रिकव्हरीचं काम दोन मॅनात करतं. रिकव्हरीला तीन लागतात. शिवाय तिची जमीन आडवी उतरते, म्हणजे त्या टर्नला तिचा मॅना मिळत नाही. एक मॅना जादूच्या बाजूला आणि एक टर्न जमिनीच्या बाजूला, असा दोन्हीकडून कर भरायचा.

हा कर कुणाला परवडतो? ज्याचा डाव लांबतो त्याला. चौथ्या-पाचव्या टर्नला जिंकायची आशा बाळगणाऱ्या हल्लेखोर डेकला प्रत्येक मॅना आणि प्रत्येक टर्न मोलाचा असतो, आणि त्याला फार पर्याय लागतही नाहीत, समोरच्याचं आरोग्य शून्यावर आणलं की झालं. अशा डेकमध्ये दोन बाजूंची हळू उतरणारी कार्डं कोंबणं म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणं. कधीकधी बनवणारेच किंमत लावायला चुकतात. बोनक्रशर जायंटची दोन्ही कामं आपापल्या किमतीला पुरेशी चांगली होती, म्हणून लाल रंगाचे हल्लेखोर डेकसुद्धा तो बिनदिक्कत खेळायचे. असं कार्ड दिसलं की घेऊन टाकावं.

बांधताना सुरुवात कधीही लवचीक कार्डांपासून करू नका. आधी एका वाक्यात लिहा की हा डेक जिंकतो कसा. ‘लवकर दोन-तीन क्रीचर उतरवायचे, समोरच्याचे मारत राहायचं, पाचव्या-सहाव्या टर्नला मोठं क्रीचर आणून संपवायचं’ एवढं पुरतं. मग कामांची यादी करा: लवकरचं क्रीचर मारणं, मोठं क्रीचर मारणं, कार्डं उचलणं, डाव संपवणं. प्रत्येक कामासाठी किती कार्डं आहेत ते मोजा, आणि दोन कामं करणारं कार्ड दोन्हीकडे मोजा. ज्या कामाची गरज दर डावात बदलते तिथे लवचीक कार्ड घाला. जे काम दर डावात करायचंच आहे तिथे एकाच कामात तरबेज असलेलं, स्वस्त आणि कठोर कार्ड बरं. डाव संपवणारं कार्ड तर बिलकुल लवचीक नसलं तरी चालतं, ते जबरदस्त असावं.

मॅनाचा आलेख, म्हणजे किती मॅनाची किती कार्डं आहेत ते दाखवणारे खांब, पाहतानाही डोळे उघडे ठेवा. अरीनातल्या आलेखात बोनक्रशर तीनच्या खांबावर दिसतो, पण दुसऱ्या टर्नला तो स्टॉम्प म्हणून खेळता येतो. अशी चार कार्डं असली की दुसऱ्या टर्नची उणीव आलेखात दिसते तेवढी नसते.

लवचीकपणाच्या नावाखाली लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात ते तिसरा रंग घालून. दोन रंगांचा डेक नीट चाललेला असतो. मग तिसऱ्या रंगातली तीन छान कार्डं दिसतात, त्यांच्यासाठी आडव्या उतरणाऱ्या जमिनी येतात, आणि ती तीन कार्डं जेवढे डाव जिंकून देतात त्याहून जास्त डाव चुकीच्या रंगाच्या मॅनामुळे जातात. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात.

तीन डावांच्या सामन्यात मॅजिक १५ कार्डांचा साइडबोर्ड देतं, दोन डावांच्या मधे अदलाबदल करण्यासाठी. एकाच डावाच्या सामन्यात अदलाबदल नाही, पण अरीना तिथेही ७ कार्डं बाजूला ठेवू देतं, कारण काही कार्डं डाव चालू असतानाच बाहेरून कार्ड आणतात. २०२१ च्या स्ट्रिक्सहेवनमधली लर्न ही खूण यासाठीच होती. आपलं नेहमीचं काम करता करता ती बाजूला ठेवलेल्या धड्यांपैकी, म्हणजे लेसन प्रकारच्या कार्डांपैकी, एक हातात आणून द्यायची. जमीन नसेल तर एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस, जमिनी भरपूर असतील तर सात मॅनाचं मॅस्कट एक्झिबिशन. सातही धडे वेगवेगळे ठेवणं इथे शहाणपणाचं होतं, कारण हवा तो स्वतः निवडता यायचा. मघाच्या एकेक प्रतीच्या डेकशी ताडून पाहा. निवडता येत असेल तर एकेक प्रत ठेवा, नशिबावर असेल तर जास्त प्रती. हर्थस्टोनने २०२३ मध्ये ई.टी.सी. बँड मॅनेजर या कार्डाने हीच सोय छोट्या प्रमाणात दिली. डेक बांधताना त्याच्यासोबत तीन कार्डं ठेवायची आणि खेळताना त्यातलं एक निवडायचं.

खेळताना

लवचीक डेक खेळणं थकवणारं असतं, हे आधीच सांगितलेलं बरं. हल्लेखोर डेकमध्ये बहुतेक टर्नला एकच शहाणी चाल असते. इथे तीन-चार असतात आणि वर घड्याळ चालू असतं.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: या जोडीत हल्ला करणारा कोण आणि तग धरणारा कोण? उत्तर डेकवर छापलेलं नसतं, ते समोरच्यावर ठरतं. समोर आपल्याहून चपळ डेक असेल तर आपण तग धरायचा, कारण डाव लांबला की आपली मोठी कार्डं भारी पडतील. समोर आपल्याहून संथ डेक असेल तर आपणच हल्ला करायचा, कारण लांबलेला डाव तो जिंकणार. लवचीक डेकचा सगळा फायदा या बदलत्या भूमिकेत आहे. भूमिका ओळखायला चुकलं तर उत्तम कार्डंही चुकीच्या कामाला जातात.

सुरुवातीचा हात ठेवायचा की बदलायचा, तेही याच प्रश्नावर. मॅजिकमध्ये २०१९ पासून पूर्ण ७ कार्डं पुन्हा उचलून, जितक्या वेळा बदललं तितकी कार्डं तळाशी ठेवायची पद्धत आहे. हर्थस्टोनमध्ये नको ती कार्डं एकदाच परत देता येतात, आणि समोरच्याचा वर्ग तेव्हाच दिसतो, म्हणजे निम्मी माहिती फुकट मिळते. रॅथसारखं कार्ड दोन्ही प्रकारच्या शत्रूंसमोर चालतं म्हणून ते ठेवावंसं वाटतं. पण फक्त अशीच कार्डं असलेला हात फसवा असतो. कशालाही उत्तर आहे, पण आपण स्वतः काय करणार याचा पत्ता नाही.

आता तो मुख्य पेच. तिसरा टर्न आहे, तीन जमिनी आहेत, हातात बोनक्रशर आहे आणि समोर एकही क्रीचर नाही. थेट ४/३ उतरवावा, म्हणजे स्टॉम्पवर पाणी सोडावं, की थांबावं? आपण हल्लेखोर असू तर उतरवा. रिकामा गेलेला टर्न दोन नुकसानापेक्षा महाग आहे. आपण तग धरत असू आणि समोरच्याकडे छोटी क्रीचर भरपूर असणार हे ठाऊक असेल, आणि त्या टर्नला खेळायला दुसरं काही असेल, तर थांबा. ‘दुसरं काही असेल तर’ ही अट महत्त्वाची आहे. पर्याय राखून ठेवण्याच्या नादात मॅना वाया घालवणारे खेळाडू फार आहेत. सोबत एक बारकावाही लक्षात ठेवा. स्टॉम्प खेळताना समोरच्याने ते रोखलं, किंवा ज्यावर नेम धरला होता ते क्रीचर मधेच नाहीसं झालं, तर जायंट बाजूला थांबत नाही, सरळ ग्रेव्हयार्डमध्ये जातो. जादू रोखणाऱ्या निळ्या रंगाच्या डेकसमोर, त्याचे दोन मॅना मोकळे दिसत असतील तर हे आधी आठवावं.

संगणकावर माहिती गळते, हाही एक भाग. समोरच्याच्या चालीला उत्तर देण्यासारखं काही नसेल तर अरीना आपली पाळी आपोआप पुढे ढकलतं. त्यामुळे खेळ क्षणभर अडखळला तर जाणकार समोरचा ओळखतो की याच्या हातात काही तरी आहे. फुल कंट्रोल ही आपोआप पुढे न जाण्याची सोय चालू केली की काहीच नसतानाही असा थांबा घेता येतो. अनेक तोंडांची कार्डं असलेल्या डेकला याचा विशेष लाभ होतो, कारण तो थांबा नेमका कशासाठी आहे हे समोरच्याला ठरवता येत नाही.

मार्व्हल स्नॅपमध्ये गणितच वेगळं. १२ कार्डं, प्रत्येकाची एक प्रत, सहा टर्न, आणि शेवटापर्यंत त्यातली ९ दिसतात, म्हणजे हवं ते कार्ड चारातल्या तीन डावांत येतंच. अनिश्चितता हातापेक्षा, जिथे कार्डं उतरवायची त्या तीन ठिकाणांत असते, जी एकेक करून उघडतात. शिवाय हरणार असं दिसलं तर कमी घन (तिथे पणाला लागणारे गुण) गमावून निघून जाता येतं. त्यामुळे तिथे लवचीक कार्डांवर खर्च करण्याआधी वेळेत माघार घ्यायला शिकलेलं जास्त फायद्याचं.

ज्यांचा कार्डसंग्रह लहान आहे त्यांनी अनेक डेकमध्ये चालणारी लवचीक कार्डं आधी बनवावीत. हर्थस्टोनमध्ये एक लेजेंडरी बनवायला १६०० धूळ (कार्डं बनवण्याचं खेळातलं चलन) लागते आणि मोडून ४०० च परत मिळते, तर साधं कार्ड ४० मध्ये बनतं. एकाच डेकमध्ये चालणाऱ्या लेजेंडरीची ताकद पुढच्या बदलात कमी झाली तर त्या कार्डाची धूळ काही काळ पूर्ण परत मिळते, पण त्याच्याभोवती जमवलेल्या बाकीच्या कार्डांची नाही.

डेक काही दिवस चालवल्यावर एक नोंद ठेवा: प्रत्येक लवचीक कार्ड कुठल्या तोंडाने खेळलं गेलं. जिंकलं-हरलं याचे आकडे ट्रॅकर, म्हणजे डावांची नोंद ठेवणारी ॲपं, देतात, हे मात्र हाताने लिहावं लागतं. बाला गेड रिकव्हरी जवळजवळ दर वेळी जमीन म्हणूनच उतरत असेल, तर त्या जागी साधी, आडवी न उतरणारी जमीन घाला. रॅथने तुम्ही नेहमी ३ नुकसानच करत असाल, तर तेवढंच काम स्वस्तात करणारं कार्ड शोधा. दोन्ही तोंडं बऱ्यापैकी वापरली जात असतील, तर त्या कार्डाला हात लावू नका.